टोनीला लीग होती, कॅमीला नव्हती : एका आइस हॉकीपटूची कारकीर्द

शिकागोच्या पश्चिमेला डाउनर्स ग्रोव्ह नावाचं उपनगर आहे. तिथे ग्रॅनाटो कुटुंब राहायचं. लग्नाआधी आईवडील पहिल्यांदा एकत्र बाहेर गेले ते शिकागो ब्लॅकहॉक्सचा आइस हॉकीचा सामना बघायला. पुढे त्यांना सहा मुलं झाली आणि घराचं तळघर म्हणजे हॉकीचं मैदान झालं. त्या भावंडांतला टोनी १९६४ चा आणि कॅमी १९७१ ची.

दोघंही उत्तम खेळायचे. १९८२ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स या संघाने टोनीवर हक्क नोंदवून ठेवला. तो विस्कॉन्सिन विद्यापीठात खेळला, १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी खेळला आणि त्याच वर्षी एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. तिथे त्याने तेरा हंगाम काढले.

कॅमीने अमेरिकेसाठी २०५ सामन्यांत १८६ गोल केले. तिच्यावर मात कुणी हक्क नोंदवला नाही, कारण नोंदवायला संघच नव्हते. ज्यातून घर चालेल अशी बायकांची लीग तिच्या उमेदीच्या काळात जगात कुठेच नव्हती. तरीही तिची पंधरा वर्षांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द झाली. खेळात नोकरीच नसताना एवढी कारकीर्द उभी कशी राहते, ते तिच्या उदाहरणातून नीट कळतं. त्यासाठी आधी खेळ थोडा समजून घेऊ.

आपण नुसतं हॉकी म्हणतो तेव्हा गवताचं मैदान, अकरा खेळाडू आणि चेंडू असं चित्र असतं. अमेरिकेत आणि कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फाचं आयताकृती अंगण, त्याला रिंक म्हणतात. चारही बाजूंनी लाकडी वा प्लॅस्टिकच्या फळ्यांचं कुंपण. चेंडूऐवजी टणक रबराची चकती, म्हणजे पक. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन साधारण १७० ग्रॅम. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात: तीन आक्रमक, दोन बचावपटू, एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव.

टीव्हीवर पहिल्यांदा सामना बघणाऱ्याला एक गोष्ट चक्रावते. खेळाडू सारखे बदलत असतात, तेही खेळ न थांबवता. स्केटिंग करत पूर्ण ताकदीने खेळणं पाऊण-एक मिनिटापेक्षा जास्त झेपत नाही. त्यामुळे तिघा-तिघांच्या तुकड्या आळीपाळीने कुंपणावरून उडी मारून आत येतात, जीव तोडून खेळतात आणि बाहेर जातात. म्हणूनच या खेळात एकट्याच्या कर्तबगारीपेक्षा आपल्या तुकडीतल्या दोघांशी असलेला मेळ महत्त्वाचा ठरतो.

गुण मोजायची रीतही त्यातूनच आली आहे. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, पण त्याच्या आधी ज्यांनी पक पुढे दिला अशा जास्तीत जास्त दोघांनाही प्रत्येकी एक गुण मिळतो. त्याला असिस्ट म्हणतात. कॅमीचे १८६ गोल आणि १५७ असिस्ट मिळून ३४३ गुण होतात. प्रत्येक सामन्यामागे दीडपेक्षा जास्त. तिने नुसते गोल टिपले नाहीत, जवळपास तेवढेच दुसऱ्यांना करूनही दिले. कर्णधाराच्या हिशेबात हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो.

आता कॅमी मुलांच्या संघात खेळायची त्या दिवसांकडे येऊ. लहानपणी मुलींचे संघच फारसे नव्हते, म्हणून ती सोळाव्या वर्षांपर्यंत मुलांबरोबर खेळली. मग थांबावं लागलं. पुरुषांच्या आइस हॉकीत अंगावर जाऊन धडक देणं हा नियमात बसणारा डाव आहे, त्याला बॉडी चेक म्हणतात. पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने कुंपणावर दाबलं तरी शिट्टी वाजत नाही. दहा-अकरा वर्षांची मुलं-मुली अंगाने सारखीच असतात. सोळाव्या वर्षी मात्र समोरचा मुलगा सहा फुटांचा आणि वीस-पंचवीस किलोंनी जड असू शकतो. कौशल्य तेच राहतं, पण रोजच्या धडका शरीराला परवडत नाहीत. बायकांच्या हॉकीत पुढे बॉडी चेक बंद झाला तो याच वादातून. १९९० च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत तो चालत होता, त्यानंतर काढून टाकला. काही जण त्याला खेळ बुळबुळीत करणं म्हणतात. मला ते पटत नाही. धडक नसली की वेग आणि पकवरची हुकमत जास्त दिसते.

कॅमी आठ वर्षांची असताना, फेब्रुवारी १९८० मध्ये, लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजवयीन पोरांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ४–३ असं हरवलं होतं. अमेरिकेतल्या एका पिढीच्या मनात तो सामना कायमचा बसला, तिच्याही. पण ऑलिंपिकमध्ये बायकांची आइस हॉकीच नव्हती. स्वप्न बघायलासुद्धा आधी ती स्पर्धा असावी लागते.

शाळा संपल्यावर तिच्यापुढे एकच दार उघडं होतं, कॉलेजचं. ते का उघडं होतं, त्याला एक कायदा कारण आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यात एक कलम आलं, टायटल नाइन. इंग्रजीत ते जेमतेम ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. म्हणणं एवढंच की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेदभाव करायचा नाही. पण अमेरिकेत कॉलेज आणि खेळ वेगळे काढता येत नाहीत. कॉलेजचे संघ म्हणजे तिथे केवढा तरी मोठा कारभार, स्टेडियम, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या. मुलांना खेळाच्या जोरावर फी माफ होत असेल तर मुलींनाही तशी संधी द्यावी लागेल, असा त्या कलमाचा अर्थ निघाला. मुलांच्या अमेरिकन फुटबॉलच्या एकाच संघात ऐंशी-नव्वद जण असतात. ती बाजू तोलायची तर मुलींचे बरेच संघ उभे करावे लागतात: रोइंग, सॉकर, हॉकी.

आपल्याकडे हे काम कॉलेजांनी केलं नाही, रेल्वेने केलं. बायकांच्या क्रिकेटला पैसा नव्हता तेव्हा मुंबईच्या डायना एडलजींसारख्या खेळाडूंना रेल्वेची नोकरी होती, आणि पुढे रेल्वेचा महिला क्रिकेट संघ उभा करण्यात त्यांचाच मोठा वाटा होता. कबड्डी, खो-खो, कुस्तीतल्या कितीतरी मुलींचं घर अशा खेळाडू भरतीतून चाललं. अमेरिकेत नोकरीच्या जागी शिक्षण आलं. चार वर्षं फी, राहणं-खाणं, प्रशिक्षक आणि सराव मिळतो. चार वर्षं संपली की सगळं बंद. भारतात नोकरी निवृत्तीपर्यंत टिकते, तिथली मदत बाविसाव्या वर्षी तुटते. कॅमीच्या कारकिर्दीचा आकार बराचसा यामुळेच ठरला.

ती १९८९ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स कॉलेजात गेली. हे ख्रिस्ती धर्मगुरूंनी चालवलेलं, आकाराने लहान कॉलेज, पण मुलींच्या हॉकीत दबदबा असलेलं. नागानोला सुवर्ण जिंकलेल्या अमेरिकन संघातल्या बऱ्याच जणी याच कॉलेजच्या होत्या. पूर्वेकडच्या कॉलेजांच्या गटात कॅमी १९९१, १९९२ आणि १९९३ अशी सलग तीन वर्षं सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि शेवटच्या दोन वर्षी तिच्या कॉलेजने गटाचं जेतेपद मिळवलं. याहून वरची राष्ट्रीय स्पर्धा नव्हती. कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, महिला आइस हॉकीची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरवली ती थेट २००१ मध्ये.

१९९३ मध्ये पदवी हातात पडली आणि तो बाविसाव्या वर्षाचा प्रश्न उभा राहिला. तिने शोधलेली वाट कॅनडाला जात होती. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात तिने पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतला आणि तिथल्या संघातून खेळत राहिली. खेळायचं म्हणून शिकायचं आणि शिकताना खेळायचं, अशी ती गाठ होती.

या काळात तिच्यापुढे पुरुषांच्या हॉकीचं दारही किलकिलं झालं. १९९२ मध्ये कॅनडाची गोलरक्षक मनोन रेओम टॅम्पा बे लाइटनिंगकडून एनएचएलच्या सराव सामन्यात खेळली होती. १९९७ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने कॅमीला सराव शिबिराला बोलावलं. तिने नकार दिला. उंची पाच फूट सात इंच, आणि धडका देणारे प्रतिस्पर्धी दोनशे पौंडांचे. गोलरक्षकाला धडक बसत नाही, आक्रमकाला दर मिनिटाला बसते. शिबिराला गेली असती तर दोन दिवस बातम्या झाल्या असत्या, पण हातपाय मोडला असता तर पुढच्या हिवाळ्यातलं ऑलिंपिक गेलं असतं. हा नकार मला तिच्या साऱ्या निर्णयांत शहाणपणाचा वाटतो.

कॉलेज चार वर्षांत संपलं, देशाचा संघ पंधरा वर्षं टिकला. महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा मार्च १९९० मध्ये ओटावाला झाली. कॅनडाच्या मुलींना लोकांच्या नजरेत भरावं म्हणून चक्क गुलाबी पोशाख दिला होता. कॅमी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ५–२ ने हरवलं. तिथून पुढे २००५ पर्यंत झालेल्या प्रत्येक जागतिक स्पर्धेत ती खेळली, आणि पहिल्या आठही वेळा गोष्ट तीच झाली: अंतिम फेरीत अमेरिका आणि कॅनडा, सुवर्ण कॅनडाचं. १९९२ मध्ये फिनलंडमध्ये तर ८–० असा धुव्वा. १९९७ मध्ये किचनरला ४–३, तेही जादा वेळेत. २००० मध्ये ३–२, पुन्हा जादा वेळेत. आठ रौप्यपदकं. प्रत्येक वेळी रांगेत उभं राहून समोरच्यांचं राष्ट्रगीत ऐकायचं.

सारखे हेच दोन देश का? मुलींना लहानपणापासून बर्फ मिळणं, शाळा-कॉलेजात संघ असणं आणि तिथून निवडीची साखळी लागणं, या तिन्ही गोष्टी तेव्हा याच दोन देशांत एकत्र होत्या. फिनलंड आणि स्वीडनकडे बर्फ आणि कौशल्य होतं, पण मुलींची संख्या कमी. त्यामुळे बाकीच्यांशी सामने एकतर्फी व्हायचे आणि वर्षभराची खरी परीक्षा कॅनडाविरुद्धच्या एका संध्याकाळी व्हायची. टोनीला एका हंगामात ऐंशीच्या आसपास सामने मिळत. कॅमीचे देशासाठीचे आयुष्यभराचे २०५ सामने म्हणजे एनएचएलचे जेमतेम अडीच हंगाम. एखादा सामना वाईट गेला तर टोनीला दोन दिवसांनी दुसरा मिळायचा, तिला कधीकधी पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागायचं.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९२ मध्ये महिला आइस हॉकीला मान्यता दिली आणि १९९८ मध्ये जपानच्या नागानोला ती पहिल्यांदा खेळली गेली. सहा संघ. कॅमी कर्णधार, पाठीवर २१ क्रमांक. चीनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात अमेरिकेचा पहिला गोल तिने केला. म्हणजे ऑलिंपिकमध्ये अमेरिकन महिलांचा आइस हॉकीतला सर्वात पहिला गोल तिच्या नावावर आहे. साखळी सामन्यात कॅनडा ४–१ ने पुढे होता. मग अमेरिकेने लागोपाठ सहा गोल केले आणि सामना ७–४ असा जिंकला. आठ वर्षं ज्यांच्याकडून हरत आलो त्यांच्याविरुद्ध अशी मुसंडी मारल्यावर संघाच्या अंगात काय बळ आलं असेल! तीन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, अंतिम सामना ३–१ असा जिंकून अमेरिकेने पहिलं सुवर्ण घेतलं. समारोपाला देशाचा झेंडा कॅमीच्या हातात दिला.

चार वर्षांनी सॉल्ट लेक सिटीत, घरच्या बर्फावर, उलटं झालं. ऑलिंपिकआधीच्या सरावमालिकेत अमेरिकेने कॅनडाला आठच्या आठ वेळा हरवलं होतं. अंतिम सामना कॅनडाने ३–२ ने जिंकला.

मग आलं २००५. स्वीडनमधल्या लिनशॉपिंग गावी जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना पूर्ण वेळेत आणि जादा वेळेतही गोलशून्य राहिला. शेवटी शूटआउट झालं, म्हणजे एकेक खेळाडू एकटा गोलरक्षकासमोर. त्यात अमेरिका जिंकली. पंधरा वर्षांनी, नवव्या प्रयत्नात, कॅमीच्या गळ्यात जागतिक सुवर्ण पडलं.

चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तिला संघातून काढलं. ऑलिंपिक सहा महिन्यांवर होतं. ती ३४ वर्षांची होती आणि प्रशिक्षकांना तरुण संघ हवा होता. वयाचा विचार करणं प्रशिक्षकाचं कामच आहे, ते मी चूक म्हणणार नाही. पण व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूला एक संघ नको म्हणाला तर दुसरा असतो, खालची लीग असते, परदेशातली लीग असते. इथे देशाचा संघ हीच एकमेव जागा. तिथून नाव काढलं की कारकीर्द त्या दिवशी संपली. निरोपाचा सामना नाही, शेवटचा हंगाम नाही. तिने निवृत्ती घेतली असं आपण सहज बोलतो, पण निवृत्ती घ्यायला हातात काहीतरी असावं लागतं. फेब्रुवारी २००६ मध्ये तुरिनला अमेरिका उपांत्य फेरीत शूटआउटमध्ये स्वीडनकडून हरली आणि कांस्यावर थांबली. कॅमी तिथे टीव्हीसाठी समालोचन करत होती.

टोरांटोत हॉकी हॉल ऑफ फेम आहे. या खेळातला तो सर्वात मोठा मान. २००९ मध्ये तिथले नियम बदलून महिलांसाठी वेगळी जागा केली आणि २०१० मध्ये पहिल्या दोघी आत गेल्या: अमेरिकेची कॅमी ग्रॅनाटो आणि कॅनडाची अँजेला जेम्स. टोरांटोची अँजेला नव्वदच्या दशकातली कॅनडाची सर्वात धोकादायक आक्रमक होती. तीही कॉलेज हॉकीतून वर आली होती. आणि तिला १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या तोंडावर संघातून वगळलं होतं, ती ऑलिंपिक कधी खेळलीच नाही. सर्वोच्च मान मिळालेल्या पहिल्या दोन्ही बायकांची कारकीर्द ऑलिंपिकच्या दारातूनच परत फिरली. मला हा योगायोग वाटत नाही. एकच जागा असलेल्या खेळात असंच होतं.

ती जागा वाढवायला पुढच्या मुलींना भांडावं लागलं. २०१७ मध्ये मिशिगनच्या प्लायमथला जागतिक स्पर्धा होती आणि अमेरिकन संघाने जाहीर केलं, आम्ही खेळणार नाही. त्यांचं म्हणणं होतं की ऑलिंपिकच्या आधीचे सहा महिने दरमहा हजार डॉलर सोडले तर चार वर्षांत हाती काहीच पडत नाही. स्पर्धेला तीन दिवस उरले असताना करार झाला. त्याच मुलींनी मग जादा वेळेत कॅनडाला ३–२ असं हरवून स्पर्धा जिंकली. १ जानेवारी २०२४ ला पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग सहा संघांनिशी सुरू झाली. आज कॉलेज संपवणाऱ्या मुलीला बाविसाव्या वर्षी कुणीतरी निवडतं, पगार देतं. आपली महिला प्रीमियर लीग तिच्या वर्षभरच आधी, २०२३ मध्ये आली, हे लक्षात घेतलं तर काळाचा अंदाज येतो.

आपल्याकडेही हा खेळ आहे, लडाखमध्ये. गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या तिथल्या मुलींचा भारतीय संघ २०१६ मध्ये लोकवर्गणीच्या पैशावर पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला. २०१८ च्या जानेवारीत कॅमीची कॅनडातली जुनी प्रतिस्पर्धी हेली विकेनहायझर लेहला येऊन त्यांच्याबरोबर बर्फावर उतरली होती. २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकाचं कांस्य मिळवलं.

कॅमीच्या गोष्टीतला एक टप्पा राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये एनएचएलचा नवा संघ सिएटलला उभा राहत होता. त्यांनी तिला प्रो स्काउट नेमलं. प्रो स्काउट म्हणजे व्यावसायिक सामने बघत फिरायचं आणि कोणता खेळाडू आपल्या संघाला उपयोगी पडेल ते लिहून द्यायचं. एनएचएलमध्ये या कामावर त्याआधी बाई नव्हती. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हँकूव्हर कनक्सने तिला सहायक महाव्यवस्थापक केलं. १९८२ मध्ये टोनीचं नाव ज्या टेबलाभोवती ठरलं असेल, तशाच एका टेबलाशी चाळीस वर्षांनी त्याच्या बहिणीची खुर्ची होती.